तनाख आणि जुना करार: ज्यू शास्त्र व ख्रिस्ती श्रद्धा यांच्या नात्याचा आढावा

ज्यू धर्माचा पवित्र ग्रंथ ख्रिस्ती बायबलचा निम्म्याहून अधिक भाग व्यापतो. ज्यू त्याला तनाख म्हणतात, ख्रिस्ती त्याला जुना करार म्हणतात. ग्रंथ सामायिक असला तरी त्याचे वाचन सामायिक नाही. या नात्याविषयीची चर्चा तीन प्रश्नांभोवती फिरत आली आहे. शास्त्र म्हणजे नेमके कोणते ग्रंथ? त्यांचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाचा? आणि येशूवरील श्रद्धेला त्या ग्रंथांची गरज किती? पहिल्या शतकापासून आजपर्यंत या प्रश्नांना दिलेली उत्तरे पुढे क्रमाने मांडली आहेत.

ग्रंथ आणि त्यांचा क्रम

तनाख हे तीन हिब्रू शब्दांच्या आद्याक्षरांतून बनलेले नाव आहे: तोरा म्हणजे नियमशास्त्र, नवीईम म्हणजे संदेष्टे आणि केतुवीम म्हणजे इतर लेख. ज्यू मोजणीप्रमाणे हे २४ ग्रंथ आहेत. प्रॉटेस्टंट बायबलच्या जुन्या करारात ३९ ग्रंथ असले तरी मजकूर तोच आहे. शमुवेल, राजे आणि इतिहास यांचे तेथे दोन-दोन भाग होतात, एज्रा व नहेम्या वेगळे मोजले जातात आणि तनाखमध्ये एकच ग्रंथ मानलेले बारा लघुसंदेष्टे बारा ग्रंथ होतात.

कॅथलिक जुन्या करारात ४६ ग्रंथ आहेत. तोबीत, यहुदीथ, मक्काबी यांसारखे जादा ग्रंथ ग्रीक भाषांतराच्या वाटेने आले. मार्टिन लूथरने १५३४च्या जर्मन बायबलमध्ये ते बाजूला काढून स्वतंत्र विभागात ठेवले, तर १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने त्यांना शास्त्राचा दर्जा असल्याचे ठरवून टाकले. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्चची यादी याहून थोडी लांब आहे.

क्रमातला फरक यादीतल्या फरकाइतकाच बोलका आहे. तनाखच्या रूढ क्रमात शेवटी इतिहासाचा ग्रंथ येतो आणि तो संपतो पर्शियाचा राजा कोरेश याच्या आज्ञेवर: ज्यू लोकांनी यरुशलेमला परत जावे, तेथे मंदिर बांधले जावे. ख्रिस्ती बायबलच्या आजच्या छापील प्रतींत जुना करार मलाखी या संदेष्ट्यापाशी संपतो. एलीया संदेष्टा पुन्हा येईल, या वचनाने तो थांबतो आणि पुढचे पान मत्तयाच्या शुभवर्तमानाचे असते. एका मांडणीची अखेर घरवापसीत होते, दुसरीची प्रतीक्षेत.

पहिले शतक

येशू आणि त्याचे पहिले अनुयायी ज्यू होते. त्यांच्यापुढे नवा करार नव्हताच. शास्त्र म्हणजे तोरा, संदेष्टे आणि स्तोत्रे. या शास्त्राच्या कडाही तेव्हा पक्क्या झालेल्या नव्हत्या. यावने येथे सुमारे इ.स. ९० मध्ये रब्बींनी ग्रंथांची यादी कायमची बंद केली, असे पूर्वी मानले जाई. आता बहुतेक अभ्यासकांनी ते मत सोडले आहे. यादी हळूहळू स्थिरावली, असे ते मानतात.

मजकुराविषयीचा समज मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील गुंडाळ्यांनी बदलला. त्या १९४७च्या सुमारास उजेडात आल्या. हिब्रू बायबलची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी संपूर्ण प्रत इ.स. १००८ची आहे. कुमरानची यशयाची गुंडाळी तिच्याहून सुमारे हजार वर्षांनी जुनी आहे. तिचा मजकूर पुढच्या परंपरेशी बऱ्याच अंशी जुळतो. मात्र यिर्मयाच्या काही तुकड्यांचा मजकूर प्रचलित हिब्रू पाठापेक्षा आखूड आहे आणि तो ग्रीक भाषांतराशी जुळतो. म्हणजे काही ठिकाणी ग्रीक भाषांतरामागे निराळा हिब्रू मूळपाठ होता. भाषांतरकारांनी हवे ते घुसडले, हा आरोप त्यामुळे सरसकट करता येत नाही.

हे ग्रीक भाषांतर म्हणजे सेप्तुआजिंट. तोराचे भाषांतर इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातील ज्यूंसाठी झाले. बहात्तर पंडितांनी ते केले, अशी आख्यायिका आहे. पुढे ते ग्रीकभाषक ख्रिस्ती मंडळ्यांचे मुख्य शास्त्र बनले आणि नव्या करारातील बरीच अवतरणे त्यातूनच आली.

इतर जातींतील, म्हणजे ज्यू नसलेले, लोक येशूच्या पंथात येऊ लागल्यावर पहिला मोठा पेच उभा राहिला: त्यांनी सुंता करावी का, आहाराचे नियम पाळावेत का? प्रेषितांच्या कृत्यांमध्ये यासाठी यरुशलेमात भरलेल्या बैठकीचे वर्णन आहे. ती सुमारे इ.स. ४९ची मानतात. मोजक्या बंधनांपलीकडे त्यांच्यावर ओझे लादू नये, असे तेथे ठरले. प्रेषित पौलाने या निर्णयाला शास्त्राचाच आधार दिला. अब्राहाम सुंतेच्या आधी विश्वासाने नीतिमान ठरला, हा त्याचा युक्तिवाद उत्पत्तीच्या ग्रंथावर उभा आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ९ ते ११ अध्यायांत तो इतर जातींना जैतुनाच्या झाडावर केलेल्या रानटी कलमाची उपमा देतो. कलमाने मुळाशी बढाई मारू नये, असेही बजावतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा सूर निराळा आहे. यिर्मयाने सांगितलेल्या नव्या कराराचा हवाला देऊन ते पहिला करार जुना झाला असे म्हणते. पुढच्या साऱ्या चर्चेत पौलाची उपमा आणि इब्रींना लिहिलेल्या पत्राची भाषा आलटून पालटून वर आलेली दिसते.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले. यज्ञबली थांबले आणि मंदिराविना तोरा कशी जगायची हा प्रश्न सर्वांपुढे आला. रब्बींनी अभ्यास, प्रार्थना आणि नियमपालन यांतून उत्तर शोधले. ते मिश्ना आणि तालमूद या ग्रंथांत संकलित झाले. ख्रिस्ती मंडळ्यांनी येशूच्या मरणाला अखेरचा यज्ञ मानले. या अर्थाने दोन्ही परंपरा मंदिरोत्तर आहेत आणि दोन्ही तनाखचे वाचन त्यानंतरच्या एका ग्रंथसमूहातून करतात.

मार्सियन आणि चर्चचा निर्णय

हिब्रू शास्त्र ख्रिस्ती धर्मात राहील, हे गृहीत धरण्यासारखे नव्हते. काळ्या समुद्राकाठच्या सिनोप येथून रोममध्ये आलेल्या मार्सियनने ते पूर्णपणे नाकारले. सृष्टी घडवणारा व न्याय करणारा देव वेगळा आणि येशूने प्रकट केलेला दयेचा देव वेगळा, असे त्याचे मत होते. त्याच्या शास्त्रात काटछाट केलेले लूकचे शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रे एवढेच होते. सुमारे इ.स. १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले. इरेनियस आणि तेर्तुलियन या ख्रिस्ती लेखकांनी पुढे त्याचे विस्तृत खंडन केले. सृष्टिकर्ता आणि तारणारा देव एकच आहे, हे चर्चने ठरवले आणि त्याबरोबर जुना करारही राखला.

राखलेल्या ग्रंथातील नियम मात्र ख्रिस्ती लोक पाळत नव्हते. त्यामुळे ग्रंथ ठेवायचा आणि नियम सोडायचे, यासाठी वाचनाची वेगळी पद्धत लागली.

वाचनाच्या पद्धती

ख्रिस्ती वाचनाच्या तीन मुख्य तऱ्हा दिसतात. पहिली भाकिताची: संदेष्ट्याने सांगितले, ते येशूत घडले. दुसरी प्रतिरूपाची: जुन्या घटना पुढे येणाऱ्या गोष्टीची छाया मानायच्या, जसे वल्हांडणाचे कोकरू म्हणजे वधस्तंभावरील ख्रिस्त. तिसरी रूपकाची: अक्षरार्थामागे आध्यात्मिक अर्थ शोधायचा. ही तिसरी पद्धत अलेक्झांड्रियात फिलो या ज्यू विचारवंताने आधीच विकसित केली होती. जुन्या शास्त्रात नव्या घटनांचा माग काढणेही ज्यू जगाला अपरिचित नव्हते. कुमरानचा पंथ हबक्कूकचा ग्रंथ आपल्याच काळाविषयी बोलतो, असे मानून वाचत असे.

वादाची ठिकाणे ठरावीक आहेत. यशया ७:१४ मध्ये मुलगा प्रसवणाऱ्या स्त्रीसाठी 'अल्मा' हा हिब्रू शब्द आहे. त्याचा अर्थ तरुण स्त्री. सेप्तुआजिंटने तेथे 'पार्थेनोस' म्हणजे कुमारी हा शब्द वापरला आणि मत्तयाने तो मरियेला लावला. दुसऱ्या शतकात ज्यूंसाठी नवे ग्रीक भाषांतर करणाऱ्या अक्विलाने 'तरुण स्त्री' असाच शब्द योजला. ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टरच्या 'त्रिफोशी संवाद' या ग्रंथात हा वाद रंगला आहे. यशयाचे वचन मुळात आहाज राजाच्या काळातील संकटाविषयी आहे, हे आज अनेक ख्रिस्ती अभ्यासकही मान्य करतात. एवढ्याने मत्तयाचा उपयोग अवैध ठरतो का, यावर मात्र मतभेद आहेत.

यशयाच्या ५३व्या अध्यायातील दुःख भोगणारा सेवक कोण, हा दुसरा प्रश्न. ख्रिस्ती परंपरा त्यात येशूला पाहते. मध्ययुगीन ज्यू वाचनात, विशेषतः राशी या भाष्यकाराच्या लेखनात, तो सेवक म्हणजे इस्राएल ही सारी प्रजा. हे उत्तर राशीने प्रथम दिलेले नाही. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती विचारवंत ओरिजेननेच काही ज्यू तसा अर्थ लावत असल्याचे नोंदवले आहे. ज्यू परंपराही एकसुरी नाही. तिच्यात या उताऱ्याची मशीहापर वाचनेही सापडतात आणि मोशेपरही.

कधी मतभेद एखाद्या शब्दाचा नसून सबंध कथेचा असतो. एदेन बागेच्या कथेतून ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीनने मूळ पापाचा सिद्धांत घडवला: आदामाच्या पतनाने सारी मानवजात पापात सापडली. रब्बींच्या परंपरेत माणसाच्या ठायी बरी आणि वाईट अशा दोन्ही ओढी असतात आणि पश्चात्तापाची वाट सदैव खुली असते. उत्पत्तीच्या २२व्या अध्यायातील इसहाकाच्या बलीची कथा ज्यू रोश हशाना या नववर्षाच्या सणात वाचतात आणि अब्राहामाच्या भक्तीच्या पुण्याईची आठवण देवाला करून देतात. ख्रिस्ती उपासनेत तीच कथा ईस्टरच्या जागरणात वाचली जाते आणि पुत्राला अर्पण करणाऱ्या पित्याकडे बोट दाखवते.

सर्वांत खोल मतभेद देवाच्या एकत्वाविषयी आहे. 'आपण मनुष्य करू' या उत्पत्तीतील अनेकवचनात ख्रिस्ती भाष्यकारांना त्रैक्याची चाहूल लागली. ज्यू भाष्यकारांनी तेथे देवदूतांशी विचारविनिमय वाचला किंवा राजाची आदरार्थी भाषा मानली. नीतिसूत्रांच्या ८व्या अध्यायातील मूर्तिमंत ज्ञान निर्मिलेले की सनातन, यावर तर चौथ्या शतकात ख्रिस्ताच्या देवत्वावरून झालेल्या एरियसच्या वादात ख्रिस्ती आपसांतच भांडले.

मध्ययुग: वादसभा आणि उसनवारी

जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिन भाषांतरासाठी ग्रीकऐवजी हिब्रू पाठ हाती घेतला आणि त्यासाठी ज्यू शिक्षकांची मदत घेतली. ऑगस्टीनला हे धोक्याचे वाटले. उत्तर आफ्रिकेतील ओइआ येथे योना संदेष्ट्यावर सावली धरणाऱ्या वेलीचे नाव जेरोमच्या भाषांतरात बदललेले ऐकून मंडळीत गोंधळ माजला, असे त्याने जेरोमला कळवले. शब्दार्थासाठी ज्यूंना विचारायचे, पण तात्पर्य त्यांच्या हाती द्यायचे नाही, ही ओढाताण पुढे हजार वर्षे चालली. ज्यू हे आपल्याच विरुद्ध जाणाऱ्या ग्रंथाचे साक्षीदार आहेत, या ऑगस्टीनच्या सिद्धांताने त्यांना जगू दिले, पण खालच्या पायरीवर.

तेराव्या शतकात वादसभा राजदरबारी पोहोचल्या. १२४० मध्ये पॅरिसला तालमूदवर खटल्यासारखी सुनावणी झाली आणि त्यानंतर त्याच्या प्रती जाळण्यात आल्या. १२६३ मध्ये बार्सिलोनात आरागॉनच्या राजासमोर रब्बी नाहमानिदेस आणि धर्मांतरित पाब्लो ख्रिस्तियानी समोरासमोर आले. मशीहा आला आहे हे तालमूदमधूनच सिद्ध होते, असा पाब्लोचा दावा होता. तालमूदमधील कथाभाग मानण्याचे बंधन नाही, असे नाहमानिदेसने उत्तर दिले; आणि संदेष्ट्यांनी सांगितलेली शांती जगात कुठे दिसते, असा प्रतिप्रश्न केला. हा प्रतिप्रश्न आजही ज्यू बाजूचा मुख्य मुद्दा आहे. ख्रिस्ती उत्तर येशूच्या दुसऱ्या आगमनाकडे निर्देश करते.

याच काळात उसनवारीही चालू होती. फ्रान्सिस्कन भाष्यकार निकोलस ऑफ लिरा राशीचा मोकळेपणाने उपयोग करतो आणि त्याच्यामार्फत ती सामग्री लूथरपर्यंत पोहोचली. लूथरने १५२३ मध्ये येशू जन्माने ज्यू होता याची आठवण करून दिली आणि १५४३ मध्ये ज्यूंविरुद्ध अत्यंत कडवे पुस्तक लिहिले.

ऐतिहासिक चिकित्सा

१६७० मध्ये तत्त्वज्ञ स्पिनोझाने तोरा मोशेने लिहिली या समजुतीला आव्हान दिले. एकोणिसाव्या शतकात युलिउस वेलहाउझेनने तोरा चार स्रोतांतून जुळल्याचा सिद्धांत मांडला. या चिकित्सेने भाकिताचा जुना युक्तिवाद दुबळा झाला, कारण आता प्रत्येक वचन त्याच्या काळात ठेवून वाचायचे होते. ज्यू विद्वानांच्या दृष्टीने तिच्यात एक पूर्वग्रहही होता. वेलहाउझेनच्या मांडणीत संदेष्ट्यांचा धर्म ताजा ठरतो आणि नंतरचा नियमप्रधान धर्म साचलेला. सॉलोमन शेख्टरने या चिकित्सेत ज्यूद्वेषाचा वास असल्याची टीका केली.

प्रॉटेस्टंट इतिहासकार अडॉल्फ फॉन हारनाक याने १९२० मध्ये मार्सियनवर ग्रंथ लिहिला. जुना करार वाचनीय असला तरी प्रमाणग्रंथ म्हणून तो अजूनही सांभाळणे ही आता चर्चची चूक ठरते, असे त्यात त्याने म्हटले. नाझी काळात ही मागणी राजकीय झाली. नोव्हेंबर १९३३ मध्ये बर्लिनच्या सभेत 'जर्मन ख्रिश्चन' गटाने जुना करार टाकून देण्याची मागणी केली. त्याच वर्षी म्युनिकचे कार्डिनल फाउलहाबर यांनी प्रवचनांतून जुन्या कराराचा बचाव केला.

१९४५ नंतरच्या भूमिका

ज्यूसंहारानंतर ख्रिस्ती शिकवणुकीची झाडाझडती सुरू झाली. चर्चने इस्राएलची जागा घेतली, हा स्थानांतराचा सिद्धांत टीकेचा मुख्य विषय ठरला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात येशूच्या मृत्यूचा दोष सर्व ज्यूंवर टाकणे नाकारले आणि पौलाच्या जैतुनाच्या उपमेचा आधार घेतला. १९८० मध्ये माइंझ येथे पोप जॉन पॉल दुसरे यांनी ज्यूंशी झालेला देवाचा करार रद्द झालेला नाही, असे सांगितले. पोपच्या बायबल आयोगाने २००१ मध्ये ज्यूंचे तनाखवाचन हे एक शक्य आणि ग्राह्य वाचन असल्याचे मान्य केले.

आज चार भूमिका ठळक आहेत. पहिली परिपूर्तीची: जुना करार ख्रिस्तातच पूर्ण होतो आणि ख्रिस्ताविना त्याचा अंतिम अर्थ कळत नाही. अनेक इव्हँजेलिकल आणि पारंपरिक मंडळ्या ती मानतात. दुसरी दोन वाटांची: ज्यू आधीच देवापाशी आहेत, ख्रिस्त इतर जातींसाठी आला. ज्यू तत्त्वज्ञ फ्रान्झ रोझेनझ्वाइगच्या लेखनाशी ती जोडली जाते. तिसरी एकाच कराराची: इस्राएल आणि चर्च त्यात निरनिराळ्या प्रकारे सहभागी आहेत. २०१५च्या व्हॅटिकन दस्तऐवजाने तारणाच्या दोन समांतर वाटा नाकारल्या, पण ज्यूंना उद्देशून संस्थात्मक धर्मप्रचार चर्च करत नाही, हेही नमूद केले. चौथी भूमिका हारनाकच्या प्रश्नाकडे परतणारी आहे. बर्लिनचे धर्मशास्त्रज्ञ नोटगर स्लेंच्का यांनी २०१३ मध्ये असा युक्तिवाद केला की जुना करार ज्यूंचा आहे हे खरोखर मानायचे, तर चर्चने त्याला प्रमाणग्रंथाचा दर्जा देऊ नये. त्यावर २०१५ मध्ये जर्मनीत मोठी खळबळ उडाली.

ज्यू बाजूनेही एकमत नाही. २००० मध्ये दीडशेहून अधिक रब्बी व विद्वानांनी सह्या केलेल्या 'दाब्रू एमेत' या निवेदनात ज्यू आणि ख्रिस्ती एकाच देवाची उपासना करतात आणि एकाच ग्रंथातून प्रमाण शोधतात, असे म्हटले होते. ज्यू अभ्यासक जॉन लेव्हेन्सन यांनी त्याला हरकत घेतली. सौजन्यापोटी खरे भेद पुसले जातात आणि तनाख व जुना करार हे संदर्भ बदलल्यामुळे एकच पुस्तक उरत नाहीत, असे त्यांचे म्हणणे.

पौलाविषयीचे संशोधनही बदलले. ई. पी. सँडर्स यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की पहिल्या शतकातला ज्यू धर्म पुण्य जमवून तारण मिळवण्याचा धर्म नव्हता. आधी देवाची कृपा, मग नियमपालन, असा त्याचा क्रम होता. त्यामुळे पौलाने नेमका कशाला विरोध केला, हा प्रश्न नव्याने उभा राहिला. काही अभ्यासक आता पौलाला अखेरपर्यंत ज्यू धर्माच्या आतलाच मानतात. डॅनियल बोयारिन यांच्यासारख्यांच्या मते दोन धर्मांमधली सीमा चौथ्या-पाचव्या शतकापर्यंत धूसर होती.

मराठीतील पडसाद

या नात्याचे मराठीतले सर्वांत जुने मोठे रूप म्हणजे फादर थॉमस स्टीफन्सचे १६१६चे 'ख्रिस्तपुराण'. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीपासून मशीहाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा येते, दुसऱ्यात येशूचे चरित्र. परिपूर्तीची ख्रिस्ती मांडणी अशी पुराणाच्या घाटातच बसवली गेली.

कोकणातले मराठीभाषक बेने इस्राएल ज्यू हे याच प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूला होते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशन आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळांत त्यांच्या मुलांना हिब्रू आणि जुना करार शिकायला मिळाला. विल्सनने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. धर्मांतरे फारच थोडी झाली. मिशनऱ्यांनी दिलेले शास्त्र समाजाने आपल्या ज्यू परंपरेच्या मजबुतीसाठी वापरले. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या मराठी हगादाच्या, म्हणजे वल्हांडणाच्या पोथीच्या, चित्रांत साडी नेसलेल्या स्त्रिया वल्हांडणाच्या बेखमीर भाकरी करताना दिसतात. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले.

न सुटलेले प्रश्न

नावापासून सुरुवात होते. 'जुना करार' या शब्दात कालबाह्यतेची छटा आहे म्हणून विद्यापीठांत 'हिब्रू बायबल' रूढ झाले. पण कॅथलिक व ऑर्थोडॉक्स परंपरेतील ग्रीक ग्रंथ त्या नावात मावत नाहीत आणि दानीएल व एज्रा यांचा काही भाग अरामीत आहे.

दुसरा प्रश्न अर्थाचा. मूळ लेखकाच्या मनातला अर्थ हाच प्रमाण मानला, तर मत्तयाचे वाचन डळमळते, आणि रब्बींचे बरेचसे वाचनही. समाजाच्या परंपरेतून येणारा अर्थ मान्य केला, तर दोन्ही वाचने उभी राहतात, पण त्यांच्यात निवाडा करण्याचे साधन उरत नाही.

तिसरा प्रश्न तारणाचा आहे. ज्यूंशी झालेला करार कायम आहे आणि ख्रिस्त सर्वांचा तारणारा आहे, ही दोन विधाने एकत्र कशी नांदतात याचे सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही. २०१५च्या व्हॅटिकन दस्तऐवजाने ते देवाचे गूढ म्हणून ठेवले. येशूला मशीहा मानणारे आणि तरीही स्वतःला ज्यू म्हणवणारे गट या प्रश्नाला आणखी अवघड करतात, कारण ज्यू धर्माच्या मुख्य प्रवाहांना त्यांचा हा दावा मान्य नाही. चौथा प्रश्न वचनदत्त भूमीचा. तनाखमधील भूमीविषयक वचने ख्रिस्ती धर्माने आध्यात्मिक अर्थाने घ्यावीत की अक्षरशः, यावर निरनिराळ्या चर्चमध्ये मतभेद आहेत. १९४८ नंतर या मतभेदाचे राजकीय परिणामही दिसू लागले आहेत.